नाण्याच्या आधी पुस्तक: कॅटलॉग, प्राइस गाइड आणि आजीच्या डब्यातला रुपया

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

नागपुरातून बोलतोय. आजचा विषय तुमच्या फोनवर महिन्यातून एकदा तरी येऊन जातो. "तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे? मग तुम्ही लखपती!" अशी एखादी रील, नाहीतर फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलेला फॉरवर्ड. मग घरातली सगळी चिल्लर पलंगावर पालथी.

आधी याचा निकाल लावू. ते नाणं २०१२ सालचं आहे. चलनात वापरण्यासाठीच काढलेलं. त्याचे कोणी लाखो रुपये देत नाही. हा धंदा असा चालतो: तुम्ही फोटो पाठवता, समोरचा म्हणतो "घेतो, फक्त रजिस्ट्रेशनचे एवढे भरा", मग "टॅक्सचे एवढे", मग "कमिशनचे एवढे". कधी थेट रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं की आम्ही जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत नाही, आणि त्यासाठी कोणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही.

पण राजेहो, इथून पुढे एक खरा प्रश्न उरतोच. समजा आजीच्या डब्यात खरंच एक जुना चांदीचा रुपया निघाला. तो काय आहे आणि कितीचा आहे, हे कळायचं कसं?

उत्तर आहे पुस्तक. आणि इथे दोन वेगळी पुस्तकं असतात. एक कॅटलॉग. तो सांगतो की हे नाणं कोणाचं, कुठल्या टांकसाळीचं, कधीचं, किती वजनाचं. दुसरं प्राइस गाइड. ते सांगतं की अमुक वर्षी असं नाणं साधारण कितीला विकलं जात होतं. पहिलं पुस्तक शंभर वर्षं टिकतं. दुसरं दोन-चार वर्षांत शिळं होतं. लोक नेमकं उलटं करतात, आधी किंमत शोधतात आणि नाणं कोणतं ते नंतर. आजचा अख्खा भाग या एका गोष्टीवर आहे.

पहिली प्राइस गाइड सराफासाठी होती

आज देशभर एकच रुपया चालतो, म्हणून कल्पना येत नाही. पण १८३५ च्या आधी हिंदुस्थानात एकाच वेळी कितीतरी तऱ्हेचे रुपये फिरत होते. प्रत्येक टांकसाळीचं वजन थोडं वेगळं, चांदीचा कस थोडा वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी दिला की सराफ बट्टा कापायचा. "दलालीत बट्टा", "नावाला बट्टा लागला" हे आपण आजही म्हणतो ना, तो हाच बट्टा. नाणं खरं की खोटं, कस किती, हे पारखणारा माणूस म्हणजे पारखी, नाहीतर पोतदार. तुमच्या वर्गात कोणी पोतदार आडनावाचं असेल तर त्यांच्या पणजोबांचं काम काय होतं ते आता कळलं.

जेम्स प्रिन्सेप हे नाव ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून पुस्तकात आलं असेल. पण त्याची नोकरी होती टांकसाळीत, धातूचा कस तपासायची. त्याने १८३४ मध्ये 'यूसफुल टेबल्स' नावाचे तक्ते छापायला सुरुवात केली. त्यात ठिकठिकाणच्या रुपयांची वजनं, कस आणि कंपनीच्या रुपयाच्या तुलनेत किंमत दिलेली. संग्राहकासाठी नव्हे, व्यवहारासाठी. म्हणजे आपल्याकडची सुरुवातीची प्राइस गाइड ही खरं तर बट्ट्याचा हिशोब होता. त्यात नाण्याची किंमत म्हणजे त्यातली चांदी, एवढंच.

ही नजर आजही जिवंत आहे. इतवारीच्या सराफ्यात जुना रुपया घेऊन जा. पहिल्यांदा तो काट्यावर पडेल. सराफाची यात चूक नाही, तो त्याचा धंदा करतोय. पण काट्यावर गेलेलं नाणं मुशीत जाऊ शकतं, आणि मुशीत गेलं की ते कोणाचं होतं हा प्रश्न कायमचा संपला. म्हणून हे पुस्तकांचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. पैसे कमी-जास्त मिळतील ती नंतरची गोष्ट.

संग्राहकासाठी किंमत छापायची पद्धत युरोपात आधी आली. फ्रान्समध्ये मिओने नावाचा माणूस होता, पॅरिसच्या राष्ट्रीय नाणेसंग्रहात काम करणारा. त्याने १८०६ पासून ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या वर्णनाचे खंड काढले आणि वर्णनासोबत दोन गोष्टी दिल्या: नाणं किती दुर्मिळ आहे त्याची श्रेणी, आणि अंदाजे किंमत. आज कॅटलॉगमध्ये दुर्मिळतेसाठी इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे आकडा दिसतो, ती चाल या काळातली.

तऱ्हाळ्याची गोष्ट

आता कॅटलॉगकडे येऊ. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे कॅटलॉग निघाले. रॅपसनचा आंध्र म्हणजे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांचा ब्रिटिश म्युझियमचा कॅटलॉग, १९०८. नेल्सन राइटचे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे खंड, १९०७ आणि १९०८. व्हाइटहेडचा लाहोरच्या संग्रहालयाचा, १९१४. यांत किंमत शोधू नका, सापडणार नाही. संग्रहालयाला विकायचंच नसतं.

रॅपसनच्या पुस्तकात आपल्या चांदा जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं नाव येतं. तिकडे सातवाहनांची पोटिनची नाणी सापडली होती. पोटिन म्हणजे तांबं, कथील, शिसं असा हलका मिश्रधातू. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार गोल जोडलेला क्रॉस. नाणी ओबडधोबड, अक्षरं अर्धवट. हातात आली तर तुम्ही-आम्ही भंगार म्हणून बाजूला टाकू.

हा कॅटलॉग आल्यावर तीस वर्षांनी, १९३९ मध्ये, तऱ्हाळा गावी एक मोठा साठा सापडला. मंगरुळपीर तालुका, तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशिम. दीड हजारांहून जास्त नाणी, सगळी सातवाहनांची, पोटिनची. त्यांचा अभ्यास केला वासुदेव विष्णु मिराशी यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस. पुढे महामहोपाध्याय, पद्मभूषण झाले, पण मुळात शिक्षक. त्यांनी एकेक नाणं घेऊन त्यावरची अर्धी अक्षरं वाचली. एका नाण्यावर नावाचा पहिला भाग उमटलेला, दुसऱ्यावर शेवटचा. जुळवत जुळवत नाव पूर्ण करायचं.

आणि त्यातून निघाले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. पुराणांत सातवाहन राजांच्या याद्या आहेत. त्या याद्यांत ही नावं नाहीत.

आता विचार करा. मिराशींना ही नावं नवी आहेत हे कळलं कशामुळे? आधीची यादी हाताशी होती म्हणून. यादी नसती तर दीड हजार सारखी दिसणारी मळकट नाणी, यापलीकडे काही दिसलं नसतं. आणि धातूच्या भावाने त्या ढिगाची किंमत काय? जवळजवळ काहीच नाही. कोणी कासाराला दिला असता तर पितळेच्या भांड्याच्या ठिगळाएवढेही पैसे आले नसते, आणि तीन राजे परत एकदा हरवले असते.

मिराशींचा लेख भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात १९४० मध्ये आला. त्या दिवसापासून १९०८ चा कॅटलॉग तेवढ्यापुरता अपुरा झाला. पण टाकाऊ झाला का? नाही. त्यातली वर्णनं, वजनं, छायाचित्रं आजही वापरतात. कॅटलॉगचं म्हातारपण असं असतं. त्यात भर पडते, त्याची रद्दी होत नाही.

भोसल्यांचा रुपया "मोगल" का दिसतो

आता नागपूरकरांसाठी खास. तुमच्या घरात एखादा जुना, जाडसर, कडा वेड्यावाकड्या असलेला चांदीचा रुपया असेल आणि त्यावर फारसी अक्षरं असतील, तर कोणी तरी सांगेल, "हा मोगलांचा आहे." असेलही. नसेलही.

मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळी चांदीच्या रुपयावर मोगल बादशहाचं नाव चालू ठेवायच्या. शिवाजी महाराजांचा होन आणि शिवराई देवनागरीत होती, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी. पण पुढे अठराव्या शतकात बाजारात चालणारा रुपया म्हणजे फारसी अक्षरांचा, हे लोकांच्या डोक्यात बसलेलं. लोकांनी बिनबोभाट घ्यावा म्हणून टांकसाळवाल्यांनी तोच चेहरा ठेवला.

याचं उत्तम उदाहरण भोसल्यांचंच. नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून ओडिशा होतं. कटकच्या टांकसाळीत रुपये पडायचे आणि त्यावर नाव अहमदशहा बहादूरचं. हा बादशहा १७५४ मध्येच गादीवरून उतरवला गेला होता. तरी त्याच्या नावाचे रुपये पुढे कितीतरी वर्षं पडत राहिले.

आता जुना कॅटलॉग बादशहांच्या क्रमाने लावलेला असतो. त्यात हा रुपया शोधायला गेलात तर तो मोगलांच्या रांगेत जाऊन बसू शकतो. नाणं तेच, पण पुस्तकाच्या मांडणीने त्याचा मालक बदलला. मराठ्यांच्या टांकसाळी एकत्र मांडणारं, चिन्हांवरून आणि अक्षरांच्या घडणीवरून त्या वेगळ्या ओळखायला शिकवणारं महत्त्वाचं पुस्तक आलं १९८९ मध्ये: के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज'. ते काढलं नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने. म्हणजे भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, आणि त्यांचे रुपये नीट ओळखता येतील असं पुस्तक त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी हातात आलं. मधल्या काळात किती रुपये "जुनी चांदी" म्हणून वितळले असतील, त्याचा हिशोब आता कोणीच लावू शकत नाही.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचाही, आपल्या अजब बंगल्याचा, मोगल नाण्यांचा छापील कॅटलॉग आहे, व्ही. पी. रोडे यांनी केलेला, १९६९ चा. आपल्या शहराच्या संग्रहालयात काय आहे ते घरबसल्या कळायला याहून सोपी वाट नाही. एखाद्या ग्रंथालयात दिसला तर सोडू नका.

प्राइस गाइड कशी वाचायची

आता किमतीच्या पुस्तकांकडे. अमेरिकेत यिओमन नावाच्या माणसाने दोन पुस्तकं केली. १९४२ मध्ये निळ्या पुठ्ठ्याचं आणि १९४६ मध्ये लाल पुठ्ठ्याचं. निळ्यात काय? व्यापारी तुमच्याकडून नाणं घेताना साधारण किती देईल. लाल पुस्तकात? तोच व्यापारी तुम्हाला विकताना किती घेईल. एकच नाणं, एकच वर्ष, दोन पुस्तकं, दोन किमती. ही एवढी गोष्ट कळली तरी अर्धी फसवणूक टळते. कारण नेटवर तुम्हाला दिसते ती बहुतेक वेळा लाल पुस्तकातली किंमत असते आणि तुम्ही उभे असता निळ्या पुस्तकाच्या बाजूला.

मग १९७२ मध्ये क्राउझ आणि मिशलर यांचं जगभरच्या नाण्यांचं जाडजूड पुस्तक आलं. टेलिफोन डिरेक्टरीसारखं. नाण्यांच्या साइटवर 'केएम' आणि पुढे आकडा दिसतो ना, तो या दोघांच्या नावांवरून. मिचिनर यांचे 'ओरिएंटल कॉइन्स अँड देअर व्हॅल्यूज' हे तीन खंड १९७७ ते १९७९ मध्ये आले. आणि १९८१ मध्ये खास दक्षिण आशियाचं गाइड आलं, १५५६ पासूनच्या नाण्या-नोटांचं. त्यात मोगल, संस्थानं, कंपनी, ब्रिटिश असं सगळं एका ठिकाणी, किमती डॉलरमध्ये.

असं जुनं गाइड रद्दीत मिळालं तर घ्यायचं का? जरूर घ्या. पण वाचायचं कसं ते ऐका.

एक, किमतीला आजच्या डॉलरने गुणू नका. १९८१ मध्ये डॉलर नऊ रुपयांच्या आत होता. तेव्हा चांदीचा भाव वेगळा, भारतात संग्राहक किती ते वेगळं. तो आकडा त्या वर्षाचा फोटो आहे.

दोन, आकड्यांमधलं नातं बघा. एका पानावर एका सालाचा रुपया पाच डॉलर आणि शेजारच्या सालाचा पन्नास असेल, तर दुसरं साल तेव्हा दहापट दुर्मिळ मानलं जायचं. ही गोष्ट पुष्कळदा आजही खरी निघते. मोठा साठा सापडला तर मात्र हे नातं एका रात्रीत बदलतं.

तीन, रकाना तपासा. किंमत अवस्थेप्रमाणे चार-पाच रकान्यांत असते. आपल्या सगळ्यांचा डोळा शेवटच्या रकान्यावर जातो, जिथे कोरं करकरीत नाणं असतं. आजीच्या डब्यातलं नाणं बहुधा पहिल्या नाहीतर दुसऱ्या रकान्यातलं असतं.

चार, "किती पाडली" आणि "किती उरली" यात फरक आहे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली, नक्षी सुधारली. तो 'पिग रुपी' म्हणून प्रसिद्ध आहे. नुसता पाडलेल्या नाण्यांचा आकडा वाचणाऱ्याला ही गोष्ट कळणारच नाही. तसाच १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया: बाजारात फार कमी दिसतो, म्हणून १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले नमुने फिरतात. फोटो काढून ओळखणारं ॲप त्याला आनंदाने "दुर्मिळ" म्हणेल. आकडा भिंगाखाली बघायचं काम तुमचंच.

आता फोन बाहेर काढा

समजा डब्यात नाणं निघालं. काय करायचं?

पहिलं, घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, पॉलिश नाही. चमकवलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाकडे घसरते, आणि बारीक अक्षरं झिजतात ती परत येत नाहीत.

दुसरं, वजन करा. छोटा डिजिटल काटा पुरतो. ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात जवळपास ९२ टक्के चांदी, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. म्हणजे नुसतं साल वाचूनही बरंच कळतं.

तिसरं, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि कॅटलॉगशी जुळवा. ब्रिटिश आणि आधुनिक नाण्यांना 'नुमिस्टा' सोपी पडते. मराठा, मोगल, सुलतानी नाण्यांना 'झेनो' हा फोटोंचा मोठा साठा आहे. आणि मघाशी सांगितलेले रॅपसन, नेल्सन राइट, व्हाइटहेड यांचे कॅटलॉग 'इंटरनेट अर्काइव्ह'वर फुकट वाचता येतात. ज्या पुस्तकांसाठी एकेकाळी कलकत्ता-मुंबई गाठावी लागायची, ती आज तुमच्या खिशात आहेत, रीलच्या एका ॲपच्या शेजारी.

चौथं, नाव पक्कं झालं की मगच किंमत. तीही "मागितलेली" नाही, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली बघा. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल ऑनलाइन असतात. आजची खरी प्राइस गाइड तीच.

आणि पाचवं, कायदा. शेतात, पाया खोदताना जमिनीतून काही निघालं तर ते डब्यातल्या नाण्यासारखं नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. "परदेशी गिऱ्हाईक आहे, कुरिअर करा" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. सापडलेलं कळवण्यात आपलाच फायदा आहे हो. तऱ्हाळ्याचा साठा अभ्यासकापर्यंत पोहोचला म्हणून आपल्याला ते राजे मिळाले. तो गावातल्या गावात वाटला गेला असता तर?

तर मंडळी, या आठवड्याचं काम एवढंच. घरातल्या मोठ्यांना विचारा, एखादं जुनं नाणं आहे का. असेल तर वजन करा, फोटो काढा, एका कागदावर लिहा: कोणाकडून आलं, कुठलं, आणि आपल्याला काय वाचता आलं. ही तुमच्या घराची पहिली कॅटलॉग नोंद. किमतीचा रकाना तूर्तास मोकळा ठेवा.

अक्षरं लागली नाहीत तर फोटो आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यातली काही नाणी मिळून वाचू. फक्त घरचा पत्ता आणि नाणं कुठे ठेवलंय ते लिहू नका, एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!